कोंबडी, मासा आणि कळवळा

बालाघाटसारख्या गावच्या आठवडी बाजारात पाय बांधून सायकलच्या हँडलला उलट्या टांगलेल्या कोंबड्या कुणाला खटकत नाहीत. वासराला तसे नेले तर गर्दी जमेल. मासा तर ओरडतही नाही. वैनगंगेच्या पट्ट्यातले मरळ, मागूर हवेतूनही श्वास घेतात, म्हणून टोपलीत बराच वेळ तडफडत राहतात. गिऱ्हाईक त्यालाच ताजेपणा म्हणते. कायदा असा भेद करत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. खाण्यासाठी मारण्याची त्यात मुभा आहे, विनाकारण यातना देण्याची नाही. अनावश्यक वेदना होतील अशा स्थितीत प्राणी वाहून नेणे हा गुन्हाच आहे, मग ती कोंबडी का असेना.