तीन मार्चची गाणी

पंचांगातील प्रत्येक तिथीला एखादे व्रत, एखादा उत्सव किंवा एखादी पुण्यतिथी जोडलेली असते. लोकप्रिय संगीताचे असे पंचांग करावयास कोणी बसलाच, तर मार्च महिन्याच्या तिसऱ्या तारखेपुढे त्याला सर्वप्रथम बंगळूर शहराचे नाव लिहावे लागेल. ३ मार्च १९३४ रोजी त्या शहरातील सिटी मार्केटजवळच्या पॅरामाउंट चित्रगृहात ‘सती सुलोचना’ हा पहिला कन्नड बोलपट लोकांपुढे आला. तोपर्यंत कन्नड माणसाने हिंदी, तमिळ आणि तेलुगू बोलपट पाहिले होते; पडद्यावरील पात्रे आपल्या भाषेत बोलतात आणि गातात, हा अनुभव त्याला त्या दिवशी प्रथमच आला. चित्रपट त्या शहरात सहा आठवडे चालला.

हा चित्रपट रामायणातील इंद्रजिताच्या पत्नीच्या कथेवर आधारलेला होता. बंगळुरातील व्यापारी चमनलाल डुंगाजी यांनी भांडवल घातले, वाय. व्ही. राव यांनी दिग्दर्शन केले आणि बेल्लावे नरहरी शास्त्री यांनी संवाद व पदे लिहिली. सुब्बय्या नायडू इंद्रजित झाले, त्रिपुरांबा सुलोचना झाल्या आणि आर. नागेंद्रराव यांनी रावणाची भूमिका केली. नायडू व नागेंद्रराव हे दोघेही रंगभूमीवर नावाजलेले नट होते. हा योगायोग नव्हता. पार्श्वगायनाची पद्धत आपल्याकडे १९३५ च्या सुमारास आली. त्यापूर्वी नटाला कॅमेऱ्यापुढे उभे राहून स्वतःच गावे लागे. वादक मंडळी चित्रचौकटीच्या बाहेर आडोशाला बसत आणि गाणे व चित्र एकाच वेळी टिपले जाई. एक सूर चुकला, तर सारे पुन्हा पहिल्यापासून. ज्याचा गळा तयार नाही, त्याला बोलपटात स्थान मिळणे अशा स्थितीत कठीणच होते.

मराठी श्रोत्याला या हकीकतीत आपुलकी वाटावी असा एक धागा आहे. कन्नडचा हा पहिला बोलपट बंगळुरात तयार झाला नाही. तो कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये चित्रित झाला. बंगळुरात त्या वेळी बोलपटासाठी योग्य असे कलागृह नव्हते. कोल्हापुरात मात्र ‘प्रभात’ने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ काढून बोलपटाचा पाया घातला होता. ‘प्रभात’ १९३३ साली पुण्यास गेली, तरी कारागीर, तंत्रज्ञ आणि हौस ही त्या करवीरनगरीत शिल्लक होती. म्हणून म्हैसूर संस्थानातील नटमंडळी आपले रामायण घेऊन पंचगंगेच्या काठी आली.

एका परीने ही जुन्या ऋणाची परतफेडच म्हणावी लागेल. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता-स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्याची प्रेरणा उत्तर कानड्यातून आलेल्या भागवत मेळ्याचे खेळ पाहून मिळाली होती. कानडी मेळ्याने मराठी नाटकास वाट दाखविली. नव्वद वर्षांनी मराठी मुलखाने कानडी बोलपटास छत दिले. ही देवाणघेवाण आजही थांबलेली नाही. ३ मार्च १९६७ रोजी जन्मलेले शंकर महादेवन तमिळ कुटुंबातील, मुंबईत वाढलेले. श्रीनिवास खळे यांच्यासारख्या मराठी संगीतकाराचे मार्गदर्शन त्यांना लाभले आणि पुढे मराठी व कन्नड या दोन्ही भाषांतील श्रोत्यांनी त्यांचे गाणे आपले मानले.

याच तारखेला जगात इतरत्र काय घडले, हे पाहू लागले म्हणजे ‘सती सुलोचना’च्या भाग्याचा, आणि दुर्भाग्याचाही, खरा अर्थ कळतो.

३ मार्च १८७५ रोजी पॅरिसमध्ये जॉर्ज बिझे यांच्या ‘कार्मेन’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला. तिच्यातील सर्वांत गाजलेले गीत बिझे यांनी इरादिएर नावाच्या स्पॅनिश रचनाकाराच्या लोकप्रिय चालीवरून घेतले होते. ती चाल म्हणजे लोकगीतच आहे, असा त्यांचा प्रथम समज होता. पहिल्या रात्री प्रेक्षक थंड राहिले आणि समीक्षकांनी नाके मुरडली. बरोबर तीन महिन्यांनी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, बिझे वारले. त्याच वर्षी व्हिएन्नात ‘कार्मेन’चे जोरदार स्वागत झाले आणि तेव्हापासून ती जगाच्या रंगभूमीवरून उतरलेली नाही. पहिल्या रात्री फसलेली कृती जगली, कारण तिची स्वरलिपी कागदावर उतरलेली होती.

दुसरी घटना अमेरिकेतील. ३ मार्च १९३१ रोजी अध्यक्ष हूवर यांनी एका कायद्यावर सही केली आणि अमेरिकेला अधिकृत राष्ट्रगीत मिळाले. त्याचे शब्द फ्रान्सिस स्कॉट की यांनी १८१४ साली लिहिले. चाल मात्र लंडनमधील एका संगीतप्रेमी मंडळाच्या मैफलीत गायिल्या जाणाऱ्या गाण्याची होती. मित्रांच्या बैठकीत जन्मलेल्या चालीला राष्ट्राचा मान मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. कायद्याच्या आधी ती लोकांच्या कंठात जिवंत राहिली, म्हणूनच कायद्याला तिच्यापर्यंत पोहोचता आले.

तिसरी नोंद एका जन्माची आहे. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल ३ मार्च १८४७ रोजी एडिंबरो येथे जन्मले. एडिसन यांनी १८७७ साली आवाज कथलाच्या पातळ पत्र्यावर उमटविला होता. तो पत्रा काही वेळा वाजविला की फाटे. बेल यांच्या वॉशिंग्टनमधील व्होल्टा प्रयोगशाळेने पत्र्याच्या जागी मेण आणले आणि ध्वनिमुद्रण टिकाऊ होण्याच्या दिशेने महत्त्वाचे पाऊल पडले. त्या प्रयोगांतील एक तबकडी, १८८५ सालच्या एप्रिलमधील, संग्रहालयात शतकाहून अधिक काळ मुकी पडून होती. तिच्यावरील खाचा प्रकाशाच्या साहाय्याने वाचण्याची युक्ती निघाल्यावर, २०१३ साली, तिच्यातून बेल यांचाच आवाज ओळखला गेला. सव्वाशे वर्षे ती तबकडी कोणालाही ऐकविता येत नव्हती. पण कोणी ती टाकून दिली नाही, एवढ्याने हे साधले.

कागद, कंठ आणि मेण यांनी गाणे तारले, ते असे. आता पुन्हा बंगळुराकडे वळावे. ‘सती सुलोचना’ला पहिल्या दिवसापासून लोकांनी डोक्यावर घेतले, बिझे यांच्या वाट्यास न आलेले सारे तिला मिळाले. तथापि त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९३१ साली १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकलेल्या ‘आलम आरा’ची, म्हणजे भारताच्या पहिल्या बोलपटाची, गतही तीच. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई आणि दमट हवेत कुजून जाई. शिवाय तिच्यात चांदीचा अंश असल्याने, खेळ संपल्यावर जुन्या फिती चांदी काढण्यासाठी वितळविल्या जात. त्या व्यवहारात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. आज गर्दी खेचणारी वस्तू उद्या इतिहास होईल, हे फारच थोड्यांच्या ध्यानी आले.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे पॅरामाउंटमधील त्या खेळानंतर तीस वर्षांनी. तोवर कितीतरी गाणी हरपली होती. याचा बोध केवळ सरकारी खात्यांपुरता नाही. अनेक घरांच्या माळ्यांवर अजून अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या आहेत, मेळ्यांच्या पदांच्या वह्या आहेत, नाटक मंडळ्यांच्या जाहिराती आहेत. घर बदलताना त्या रद्दीत जातात. विकण्यापूर्वी एखाद्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला त्या दाखविण्याचे कष्ट कोणी घेतले, तर एखादा हरवलेला सूर हाती लागणे अशक्य नाही. बेल यांची तबकडीसुद्धा वाट पाहणाऱ्या एका कपाटातच सापडली होती.