वलांडीपाशी विचारावे

उत्तनच्या कोळीवाड्यात नाक्यावर एखाद्या दिवंगत आजीच्या फोटोचा फलक लागतो, महिन्याच्या मिस्साची वेळ त्याखाली छापली जाते आणि सोबत ठरलेली विशेषणे येतात: प्रेमळ, कष्टाळू, देवभीरू. त्यांत खोटे काहीच नसते. अडचण एवढीच की तीच विशेषणे शेजारच्या पालीच्या आजीला लागू पडतात, चौकच्या आणि भाटेबंदरच्याही. माणूस गेल्यावर त्याला आठवायचे म्हणजे त्याला इतरांपासून वेगळे ओळखायचे, आणि कोळीवाड्यातल्या आजीच्या बाबतीत हे वेगळेपण तिच्या मायेपेक्षाही तिच्या कामात सापडते, असे माझे म्हणणे आहे. माया बहुतेक आज्यांकडे असते. ढग पाहून वाळत घातलेली मासळी उचलायची की ठेवायची, हा निर्णय मात्र प्रत्येकीचा स्वतःचा असतो. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर मेणबत्त्या लागतात तेव्हा किनाऱ्यावर बोंबील सुकवण्याचा हंगाम भरात असतो. आठवण काढायचीच तर ती तिथेही काढावी.

बोंबील सुकवणे लांबून फार सोपे दिसते: बांबूंची वलांडी, आडव्या दोऱ्या, त्यांवर लोंबणारी मासळी. जवळ गेले की त्यातली बारीक गणिते दिसू लागतात. या माशाच्या अंगात शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद भाग पाणीच. सहा-सात किलो ओल्या मासळीतून जेमतेम किलोभर सुकी निघते. डोल जाळ्यातून आलेली मासळी आधी निवडायची, धुवायची, लहान-मोठी वेगळी करायची, कारण दोन्ही एका दिवशी सुकत नाहीत. मग दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीच्या दोन्ही अंगांना सोडायची. बारीक, आत वळलेले दातच इथे आकडीचे काम करतात. जोड्यांमध्ये अंतर कमी पडले तर जिथे अंगाला अंग लागते तिथे ओल राहते आणि मासळी तिथूनच बिघडते. अंतर जास्त ठेवले तर दोरी वाया जाते. सराईत हात हे अंतर न बघता ठेवतो. शेपटी आधी कडक होते, डोक्याकडचा जाड भाग मागे राहतो, म्हणून ‘झाले’ हे शेपटीवरून ठरवणारी नवखी आणि डोक्यापाशी दाबून बघणारी जाणती. थोडी ओली ठेवली तर वजन जास्त भरते पण बुरशी धरते, फार सुकवली तर तुटते आणि तोलातही मार खाते. पाकशास्त्र आणि बाजार असे एकाच बोटाच्या दाबात बसलेले असतात.

दुसरे गणित पाण्याचे. डोल ओढीच्या जोरावर मासळी धरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त, अष्टमीच्या आसपास भांग असते तेव्हा कमी. म्हणून दर रविवारी चर्चमध्ये जाणारी ही आजी तिथीही पाठ ठेवते. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ साधारण कळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. तिच्या घरी दोन कालगणना सुखाने नांदतात आणि त्यात तिला काही विशेष वाटत नाही. तिसरे गणित आभाळाचे. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाने मुंबईच्या किनाऱ्यावर ऐन थंडीत पाऊस आणला. असा अवकाळी पाऊस भिजलेल्या मालाबरोबर त्यामागची मजुरी आणि कर्जाचा हप्ताही नेतो. १ जूनला मासेमारी बंद होण्याआधी शेवटची उन्हे देऊन, डबे-पोती भरून पावसाळ्याची बेगमी करणे हेही तिच्याकडेच.

एवढे असून या कामाची नोंद कुठे राहते? जनगणनेत वर्षातले निम्मे तरी महिने काम असेल तर मुख्य कामगार, त्याहून कमी असेल तर सीमांत. हंगामातही मासळीच्या चढउतारावर चालणारे, घरच्याच बोटीचे, बिनपगारी काम या चौकटीत कसे बसवायचे? कुणीतरी ‘घरीच असते’ म्हटले की ती काम न करणाऱ्यांत जमा. सरकारी कागदाने विसरावे हे समजू शकते. घरच्यांनीही श्रद्धांजलीत ‘कष्टाळू’ या एका शब्दावर भागवावे, हे मला खटकते.

यावर कुणी म्हणेल, माणसाला कामापुरते का उतरवता? नातवाला आठवतो तो आजीचा हात, बोंबलाचा भाव नव्हे. खरे आहे, पण तो हात कशाने खरखरीत झाला होता? कोळी घरांत विक्री आणि पैसा बहुतेक बायकांच्या हाती असे. शाळेची फी, लग्नाचे सोने, जाळ्याची दुरुस्ती यांचा मेळ सुक्या मासळीच्या पैशातून घातला जाई. तिची माया या हिशेबातूनच वाट काढत होती, तिला बाजूला काढून दाखवता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: हे काम उन्हाचे, वासाचे, कंबर मोडणारे; बसमध्ये टोपली पाहून लोक नाके मुरडतात; मुली शिकून बँकेत, इस्पितळात गेल्या त्या सुटल्या, आता त्याचे गोडवे कशाला? गोडवे नकोतच. नोंदीत दुखरी कंबरही यावी आणि ‘माझ्या पोरीने टोपली घेऊ नये’ असे तिला का वाटले तेही यावे. ते आले नाही तर नातीची पदवी निव्वळ नशिबाची गोष्ट वाटेल. सौरवाळवण यंत्रे आली, आता या जाणतेपणाचे काय काम, असेही विचारले जाते. यंत्र उष्णता सांभाळते. कोणत्या व्यापाऱ्याला उधार द्यावे हे त्याला कळत नाही.

नोंद करायची कशी, याचा धडा महाराष्ट्रात घालून दिलेला आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, गाणाऱ्या बायकांच्या नावागावासकट. जाती गेली, त्या बायका नावानिशी उरल्या. उत्तनपासून फार दूर नाही अशा दहिसरला ‘स्पॅरो’ ही १९८८ साली सुरू झालेली संस्था स्त्रियांच्या आयुष्यांचे ध्वनिमुद्रण आणि छायाचित्रे जपते. मात्र जात्यावर बसले की ओवी सुचते हे लक्षात ठेवावे. सोफ्यावर बसवून ‘आजी, तुमचे आयुष्य सांगा’ म्हटले तर ती ‘काय सांगायचं, कष्ट केले’ एवढेच बोलेल, म्हणजे पुन्हा फलकावरचेच विशेषण. वलांडीपाशी, हातात मासळी असताना विचारावे: ही जोडी का काढलीस, तो ढग का सोडून दिलास, या वर्षी भाव कुणी पाडला? फोन खिशात चालू असला तरी पुरे. आणि उधारीचे आवर्जून विचारावे. कुठल्या बाजारात, कुठल्या साली, किती बुडाले हे ती न अडखळता सांगेल, बुडवणाऱ्याच्या बापाच्या नावासकट.