गोठ्यात ठेवलेलं काडतूस का तडकतं? शेतराखणीची बंदूक घरात असेल तर हे माहिती पाहिजे

हिंगोली जिल्ह्यात सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ, कुठल्याही तालुक्यातल्या शेतकऱ्याला विचारा. सोयाबीन, तूर, हरभरा काहीही पेरा, रानडुकरं आणि रोही येणारच. म्हणूनच गावागावात एखाद्या घरी शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर बंदूक असते. (डुक्कर किंवा रोही मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते, बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.) बहुतेक वर्ष ही बंदूक नुसती भिंतीला टांगलेली असते. अधूनमधून तिला तेलपाणी होतं. काडतुसांकडे मात्र कोणी बघत नाही. ती पडलेली असतात माळ्यावर, गोठ्यातल्या फळीवर, नाहीतर चामड्याच्या पट्ट्यात.

या तिन्ही जागा चुकीच्या आहेत.

आधी काडतूस बघू. वर प्लॅस्टिकची, जुन्या मालात कागदाची नळी. खाली पितळेचं किंवा पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडाचं बूड. बुडाच्या मधोमध छोटी टोपी, म्हणजे प्रायमर. आत दारू, तिच्यावर वॉड नावाची चकती आणि त्यावर छर्रे. आपल्याकडे वर्षानुवर्षं मिळणारं 'शक्तिमान' काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातलं. हा कारखाना 1869 सालचा. 

आता गोठा. ब्रिटिश काळात पावसाळ्यात लष्कराच्या मोहिमा थंडावायच्या, तेव्हा दारूगोळा घोड्यांच्या पागेत ठेवला जायचा. पाऊस सरल्यावर पेट्या उघडल्या की पितळी काडतुसांना भेगा पडलेल्या. ना कुणी ठोकली, ना आपटली. या प्रकाराला इंग्रजांनी 'सीझन क्रॅकिंग' म्हणजे ऋतूमुळे तडकणं असं नाव दिलं, पण दोष ऋतूचा नव्हता. 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी खरं कारण मांडलं: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया. पितळ दाबून, ओढून काडतुसाचा आकार दिला की धातूत ताण राहतो. दमट हवेत अमोनिया पितळेतल्या तांब्याला खातो आणि ताण असलेल्या जागी बारीक चीर पडून ती वाढत जाते. उपायही सोपा निघाला. पितळ तापवून त्यातला ताण घालवायचा.

हिंगोली हे स्वतःच जुन्या हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीचं गाव. तोफखाना, पलटण, रिसाला बाजार ही नावं तिथूनच आली. रिसाला म्हणजे घोडदळ. तिथले घोडे कधीच गेले, पण गोठे आहेत आणि गाई-म्हशींच्या मुतातूनही अमोनियाच निघतो. शेजारी ओल धरलेल्या खताच्या गोण्या असल्या तर विचारूच नका. खतं हवेतलं पाणी ओढतात आणि धातू खातात. फवारणीची औषधं, खतं आणि काडतुसं एका खोलीत नकोतच.

चामड्याच्या पट्ट्याची गोष्ट घरातल्या कुणालाही कळेल. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं ना? चामडं कमावताना वापरलेल्या आंबट द्रव्यांनी काडतुसाच्या बुडाचं तेच होतं, त्यावर हिरवट थर चढतो. पट्टा रानात जाताना बांधायचा, घरी आलं की काडतुसं काढून ठेवायची.

माळ्यावर पत्र्याची उष्णता. मे महिन्यातल्या पत्र्याखाली दारू टिकून राहावी म्हणून तिच्यात मिसळलेलं रसायन लवकर संपतं आणि दारू बिघडू लागते. शिवाय दिवसा तापणं आणि रात्री गार होणं यात डब्याच्या आत दव धरतं.

मग ठेवायची कुठे? घरातल्या सगळ्यात गार, कोरड्या खोलीत, जमीन आणि बाहेरची भिंत सोडून. काडतुसं मूळ खोक्यातच राहू द्या आणि ते खोकं रबरी कड असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. त्यात सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाका. रंग बदलणारं जेल घेतलं तर बरं. निळं गुलाबी झालं किंवा नारिंगी हिरवं झालं की ते ओल पिऊन भरलं. डबा भर पावसात उघडू नका, कोरड्या दिवशी उघडा. खोक्यावर खरेदीचं साल लिहा, जुनी आधी वापरा. डब्याला कुलूप, बंदूक वेगळ्या कुलपात आणि किल्ल्या पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा. वीस बोअरची काडतुसं बारा बोअरच्या डब्यात कधीच मिसळू नका. वीसचं काडतूस बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं आणि मागून बाराचं भरून चाप ओढला तर नळी फुटते.

गंज लागू नये म्हणून काडतुसाला तेल चोपडणारे बरेच आहेत. तेल बंदुकीला. काडतुसाला लावलं तर ते टोपीच्या कडेने आत झिरपतं आणि बार उडतच नाही. गंज सोडवायच्या स्प्रेचंही तेच. चिंच, लिंबू, पितळेची पॉलिश यांनीही चमकवू नका, काही पॉलिशमध्ये अमोनियाच असतो. कोरडं सुती फडकं पुरे.

फडक्याने पुसून जाणारा हलका डाग चालतो. पण बुडाला खड्डे, काठाला चीर, टोपीवर हिरवा थर, फुगलेली नळी किंवा सैल झालेलं तोंड दिसलं तर ते काडतूस बाद. कागदी नळी ओल पिऊन फुगली की बंदुकीत जातच नाही, तिला ठोकून बसवायचा मोह आवरा. भिजलेलं काडतूस चुलीजवळ किंवा उन्हात वाळवायचं नसतं.

सगळ्यात घातक म्हणजे अर्धवट बिघडलेलं काडतूस. चाप ओढला आणि 'धाड'ऐवजी 'फुस्स' झालं, तर तिथेच थांबा. दारू कमजोर पडल्याने वॉड नळीत अडकलेलं असू शकतं. त्यावर दुसरा बार काढला की नळी फुटते आणि हात किंवा डोळा जातो. काहीच आवाज झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, मग उघडायचं. 'फुस्स' झालेलं असेल तर बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचं, दिसला नाही तर जाणकाराकडे न्यायची.

बाद काडतुसं विहिरीत टाकणं, पुरणं, जाळणं, कापून दारू काढणं, हे सगळं गावात चालतं आणि सगळंच धोक्याचं आहे. आगीत पडलेलं काडतूस फुटून धातूचे तुकडे उडतात. ती वेगळ्या डब्यात ठेवून पोलिस ठाण्याला किंवा परवानाधारक विक्रेत्याला कळवायचं. एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं ठेवायची हे परवान्यावरच लिहिलेलं असतं, त्यामुळे हिशेब जुळायला हवा.

घरातला परवानाधारक वारला की बंदुकीची आठवण सगळ्यांना येते, माळ्यावरच्या डब्याची येत नाही. तो डबा परवाना नसलेल्या वारसाने नुसता जवळ ठेवला तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा होतो. बंदुकीबरोबर काडतुसंही ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते.