खेळातील कवच आणि आघाताचे गणित

नांदेडच्या वसतिगृहांत किंवा लातूरच्या शिकवणी वर्गांच्या परिसरात सायंकाळी चार विद्यार्थी एकत्र बसले, की ‘लेव्हल थ्री व्हेस्ट’ हे शब्द कानी पडण्याचा बराच संभव असतो. 2017 साली निघालेला ‘पब्जी’ आणि त्याच घराण्यातील, जुलै 2021 मध्ये भारतात आलेला ‘बीजीएमआय’ या खेळांत सुमारे शंभर प्रतिस्पर्ध्यांपैकी जो अखेरपर्यंत जिवंत राहतो तो विजयी ठरतो. साहजिकच अंगावरील कवचास तेथे मोठे महत्त्व आहे. परंतु हे कवच नेमके काय करते, हे ते नित्य वापरणाऱ्यांसही नीट सांगता येतेच असे नाही.

खेळाडूच्या देहाची किंमत 100 गुण धरलेली असते. गोळीचा मूळ आघात, ती शरीराच्या ज्या भागावर लागली त्या भागाचा गुणक आणि कवच सोडून उरणारा अंश, या तिहींचा गुणाकार म्हणजे इजा. ती 100 मधून वजा होते. मूळ खेळात पहिल्या श्रेणीचे कवच 30 टक्के, दुसऱ्या श्रेणीचे 40 टक्के आणि तिसऱ्या श्रेणीचे 55 टक्के आघात अडविते. शिरस्त्राणाचा हिशेब निराळा ठेवलेला असतो.

मात्र हे टक्के जसेच्या तसे घेतल्यास फसगत होते. समजा, धडावर लागलेल्या गोळीचा आघात 50 आहे. कवच नसल्यास दोन गोळ्यांत खेळ आटोपतो. पहिल्या श्रेणीत इजा 35 होऊन तीन गोळ्या लागतात, दुसऱ्या श्रेणीत चार व तिसऱ्या श्रेणीत पाच. येथे प्रत्येक श्रेणीने एकेक गोळी वाचविली. आता आघात 75 धरा. कवचाविना दोन गोळ्या पुरतात. पहिल्या श्रेणीत इजा 52.5 होते, म्हणजे गोळ्या पुन्हा दोनच! दुसऱ्या श्रेणीत 45 आणि तिसऱ्या श्रेणीत 33.75, दोहोंत तीन गोळ्या. गोळी अर्धी झाडता येत नाही, म्हणून लाभ सलग न वाढता पायरीपायरीने वाढतो, आणि काही पायऱ्या रिकाम्याच निघतात.

येथे गुणाकारच का, वजाबाकी का नको? प्रत्येक आघातातून सरसकट 20 वजा केले, तर 75 चे 55 होतील. पण 20 चा आघात करणारे शस्त्र पूर्ण निरुपयोगी ठरेल. गुणाकाराने दुबळे शस्त्रही काही ना काही काम करते व डाव चालू राहतो. शिवाय कवचास टिकाऊपणाचा एक साठा दिलेला असतो (तिसऱ्या श्रेणीस 250). आघातागणिक तो घटतो. परंतु तो संपेपर्यंत जुने कवच नव्याइतकेच तारते. कारागिरास हसू यावे अशीच ही सोय आहे.

कारण खरे चिलखत अंश कमी करीत नाही; ते वार अडविते किंवा अडवीत नाही. एकमेकांत ओवलेल्या लोखंडी कड्यांवर तलवारीची धार सरकते, पण तेच कडे अणकुचीदार टोकाच्या जोरदार वाराने उकलू शकते. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वार शिवाजी महाराजांच्या अंगावरील कपड्यावर खरखरला व अंगास लागला नाही, असे बखर सांगते. तो तीस टक्क्यांनी सौम्य झाला नाही.

इजेविषयी तर खेळ याहूनही अधिक उदार आहे. प्रथमोपचाराची पेटी वापरताच गुण 75 पर्यंत चढतात, मोठी पेटी ते पूर्ण 100 करते, आणि गोळी कोठे लागली होती याची कसलीही खूण राहत नाही. नांदेडच्या वाचकास येथे 1708 साल आठवल्यावाचून राहणार नाही. गुरू गोविंदसिंगांवर याच गावी खंजिराचा वार झाला. तो शिवला गेला, जखम भरत आली असे वाटले, पण कठीण धनुष्य ओढताना ती पुन्हा उघडली, असे परंपरा सांगते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांचे निर्वाण झाले.

अशा जखमेचे प्रतिमान रचावयाचे झाल्यास एक संख्या पुरणार नाही. जखमेची जागा आणि तिला लोटलेला काळ यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागतील. आणि अर्ध्या तासात संपणाऱ्या डावात त्यांना जागा कोठून द्यावयाची, हे खेळ रचणारास ठरवावे लागेल.