शाळाच आधी शिकवते

जपानमध्ये नोकरीसाठी येणाऱ्याला नारिता, हानेदासारख्या मोठ्या विमानतळावर उतरल्या उतरल्याच निवासकार्ड मिळतं. त्यावर नाव असतं, फोटो असतो, किती काळ राहता येईल तेही असतं. पत्ता मात्र नसतो. घरात राहायला गेल्यावर १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत जाऊन तो नोंदवायचा, मग तिथले कर्मचारी कार्डाच्या मागच्या बाजूला तो लिहून देतात. पुढची सगळी कामं या नोंदीवर अडलेली असतात. पत्त्याशिवाय बँक खातं उघडत नाही आणि खात्याशिवाय पगार जमा होत नाही. मोबाइल कंपनीला बँक खातं हवं असतं, बँकेला मोबाइल नंबर. म्हणून नव्या माणसाने सगळ्यात आधी नगरपालिका गाठावी.

भाड्याचं घर ताब्यात मिळतं ते बहुधा नुसत्या भिंतींचं. दिवे, पडदे, गॅसची शेगडी, सगळं आपणच आणायचं. अनामत रकमेखेरीज काही घरमालक ‘रेइकिन’ घेतात. ती त्यांना आभारादाखल द्यायची रक्कम, परत मिळत नाही. गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस येतो आणि त्या वेळी भाडेकरूला घरी थांबावंच लागतं. नगरपालिका कचऱ्याचं वेळापत्रक देते. जळणारा कचरा, प्लास्टिक, बाटल्या, डबे, कागद यांचे वार वेगळे आणि तो त्याच दिवशी सकाळी ठरलेल्या जागीच ठेवायचा. शेजाऱ्यांशी पहिली ओळख होते ती तिथे, हातात पिशवी असताना.

महाराष्ट्रातल्या शाळेत शिकवल्यानंतर मी चिबा प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून रुजू झाले. शैक्षणिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. वर्गशिक्षकांच्या नेमणुका, नवी बाकं, नवी वेळापत्रकं असं सगळं त्याच आठवड्यात चाललेलं असतं. शाळेच्या दारात बाहेरचे बूट काढून कप्प्यात ठेवायचे आणि आतले बूट घालायचे; मुलांना, शिक्षकांना आणि पाहुण्यांनाही हाच नियम. शिक्षकांची खोली म्हणजे एकच मोठं दालन. एका इयत्तेच्या शिक्षकांची टेबलं एकमेकांना जोडलेली असतात आणि समोर उपमुख्याध्यापक बसतात. त्यांना ‘क्योतो-सेन्सेई’ म्हणतात. रजा, बदललेला तास, आजारी मूल, पालकांचा फोन, शाळेतली प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडून जाते. सकाळच्या पाच-दहा मिनिटांच्या बैठकीत दिवसाच्या सूचना भराभर सांगितल्या जातात. भाषा अर्धवट कळणाऱ्याने ती बैठक संपताच शेजारच्या शिक्षकांना विचारून घ्यावं. कोणी त्रासत नाही. न विचारता अंदाजाने वागलेलं मात्र सगळ्यांना अडचणीचं होतं.

खरी शाळा मला दुपारी दिसली. जेवण वर्गातच होतं. पाळीची मुलं पांढरे अ‍ॅप्रन, टोप्या आणि मास्क घालून स्वयंपाकघरातून भांडी आणतात, इतरांना वाढतात. वर्गशिक्षक मुलांबरोबर तेच जेवण जेवतात. दुधाची २०० मिलिलिटरची बाटली किंवा खोकं जवळजवळ रोज असतं. मुलांच्या पानात जेवण पडण्याआधी निदान अर्धा तास मुख्याध्यापक किंवा दुसरं जबाबदार माणूस ते खाऊन पाहतं आणि तशी नोंद करतं. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्येही शिक्षक आधी खिचडीची चव घेऊन वहीत नोंदवतात, त्यामुळे हे पाहताना मला परकं वाटलं नाही. शाकाहारी माणसाला इथे जपावं लागतं, कारण भाजीच्या रश्शातही बहुतेक वेळा माशाचं पाणी असतं. महिन्याचा तक्ता आधी मिळतो आणि त्यात प्रत्येक पदार्थातले जिन्नस दिलेले असतात. तो वाचून, आहारतज्ज्ञ शिक्षिकेशी बोलून आणि परवानगी घेऊन मी घरचा डबा आणते. डबा वेगळा असला तरी मुलांच्या गटात बसूनच खायचा.

जेवणानंतर थोड्या वेळाने ध्वनिक्षेपकावर संगीत लागतं आणि अख्खी शाळा सफाईला लागते. मुलं बाकं मागे सरकवतात, केर काढतात आणि ओलं फडकं दोन्ही हातांनी दाबून ओणव्याने धावत लांबलचक व्हरांडा पुसतात. शिक्षकही फडकं धरतात. वर्गात एक वाक्य बोलायला कचरणारी मुलगी इथे मला फडकं कसं पिळायचं ते दाखवते, जपानीत सांगते आणि माझ्याकडून तो शब्द म्हणवून घेते. दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या तासाला तिचा आवाज मोकळा झालेला असतो. वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये हातांचं काम हाच शिक्षणाचा गाभा मानला होता. त्या विचाराचं मोल मला इथल्या व्हरांड्यात नव्याने पटलं.

२०२० पासून इथे पाचवी-सहावीला इंग्रजी हा वर्षाला ७० तासांचा विषय आहे, तर तिसरी-चौथीला ३५ तासांचे उपक्रम असतात. तास ४५ मिनिटांचा. मुख्य जबाबदारी बहुधा वर्गशिक्षकांची, सहायकाने उच्चार, संवाद आणि खेळ सांभाळायचे. प्रश्न विचारला की वर्ग गप्प होतो. त्या शांततेचा अर्थ उत्तर येत नाही असा घेऊ नये. शेजाऱ्याशी बोलायला एक मिनिट दिलं की हात वर येतात. चुकीचं उत्तर एकट्याच्या माथी येणार नाही एवढी खात्री मुलांना हवी असते.

पहिला तास स्वतःची ओळख करून देण्याचा. मी फळ्यावर देवनागरी वर्णमाला लिहिली आणि मुलांनी आपल्या काना लिपीचा तक्ता शेजारी धरला. आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम आपल्या वर्णमालेच्या वळणाने जातो, कारण तो बौद्ध भिक्षूंबरोबर जपानला पोचलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून घडला. मुलांनी तो सारखेपणा स्वतः शोधला आणि मग प्रत्येकाला आपलं नाव देवनागरीत हवं झालं.

भूकंपाची तालीमही सुरुवातीलाच होते. घोषणा झाली की मुलं बाकाखाली शिरतात, बाकाचे पाय घट्ट धरतात आणि नंतर मैदानात रांगेने बसतात. ढकलायचं नाही, धावायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही, हे चार नियम लहानग्यांनाही पाठ असतात. नव्या शिक्षकाने ते त्याच दिवशी जपानीत पाठ करावेत, कारण वर्गात तो मोठा माणूस असतो.

सुट्टीच्या दिवशी डाळी, मसाले आणि मराठी बोलणं यांसाठी मी टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईला जाते. त्याच वॉर्डाच्या सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक निवडून आले आणि पुढे ते इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. परक्या देशात मराठी माणूस शाळेच्या कामात किती खोल जाऊ शकतो, याचा हा दाखला आहे.

परदेशी शिकवायला जाणाऱ्या शिक्षकांना माझं एकच सांगणं आहे. सहायक शिक्षकाच्या करारात मुलांबरोबर जेवणं आणि सफाई करणं बहुधा लिहिलेलं नसतं. त्या वेळात टेबलाशी बसून पुढचे तास तयार करण्याचा मोह होईल. तो टाळा, वर्गात जा, फडकं हातात घ्या. मुलं आपल्याला शाळेचं माणूस मानू लागली की शिकवणं सोपं होतं, आणि ती तसं तिथेच मानू लागतात.