आजची आवक : चंद्रावरची अजान, बर्मिंगहॅमची दोन पानं आणि पत्रातली फातिमा

जुम्याची नमाज आटोपून घरी यावं तर मोबाईलवर तीसेक मेसेज येऊन पडलेले असतात. मुबारकबादी बाजूला काढल्या तरी दहा-बारा उरतातच. कुठे जुना कुरआन सापडला, कुठला शास्त्रज्ञ मुसलमान झाला, कुठलं यंत्र आपल्या पूर्वजांनी आठशे वर्षांपूर्वीच बनवलं होतं. दादीपासून नातवापर्यंत सगळे वाचतात आणि बहुतेक जण पुढे ढकलतात. आज आम्ही अशीच आवक समोर घेऊन बसलो आणि त्यातल्या काही गोष्टी उलगडून पाहिल्या. काही खोट्या आहेत, काही अर्ध्या खऱ्या, आणि एक-दोन तर फॉरवर्डमध्ये सांगतात त्याहून सुंदर आहेत.

सगळ्यात जुनी गोष्ट आधी उरकून घेऊ. नील आर्मस्ट्राँग यांना चंद्रावर अजान ऐकू आली आणि त्यांनी इस्लाम कबूल केला, ही ती गोष्ट. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ती कुणा ना कुणाकडून ऐकली असेल. व्हॉट्सअॅप यायच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकात ती इजिप्त, मलेशिया, इंडोनेशियापर्यंत पसरली होती. इतकी की मार्च १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला मुस्लिम देशांतल्या आपल्या वकिलातींना कळवावं लागलं : आर्मस्ट्राँग यांनी धर्म बदललेला नाही, आणि कोणत्याही धर्माचा अनादर करण्याचा त्यांचा हेतू नाही. ते पुढे ओहायो राज्यातल्या ज्या गावी राहत होते त्याचं नाव लेबनॉन. अरब देश लेबनॉन आणि हे गाव यांच्या गोंधळातूनही अफवेला खतपाणी मिळालं असं म्हणतात. बाकी चंद्रावर हवाच नाही, त्यामुळे तिथे आवाज पसरत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. आणि ते पोर ही गोष्ट वर्गात सांगून हसं करून घेतं, तेव्हा नुकसान कुणाचं होतं?

आता बर्मिंगहॅमची पानं. ही बातमी खरी आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी नवी म्हणून फिरते. जुलै २०१५ मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅम विद्यापीठाने जाहीर केलं की त्यांच्या ग्रंथालयात असलेली कुरआनची दोन चर्मपत्रं जगातल्या सगळ्यात जुन्या प्रतींपैकी असावीत. 'पैकी' हा शब्द फॉरवर्डमध्ये गळून पडतो. ही पानं अल्फोन्स मिंगाना नावाच्या अभ्यासकाने १९२० च्या दशकात जमवलेल्या संग्रहातली. त्या खरेदीचा खर्च चॉकलेटवाल्या कॅडबरी घराण्यातल्या एडवर्ड कॅडबरी यांनी उचलला होता. अनेक दशकं ती दुसऱ्याच एका हस्तलिखिताच्या पानांबरोबर बांधलेली होती. अल्बा फेदेली या संशोधिकेच्या नजरेला अक्षर वेगळं दिसलं आणि मग तपासणी झाली.

तपासणी कशी होते ते घरात मुलांना जरूर सांगावं. जनावर जिवंत असतं तोवर त्याच्या शरीरात कार्बन-१४ येत राहतो. मेलं की तो यायचा थांबतो आणि आहे तो ठरावीक वेगाने कमी होत जातो. किती उरलाय ते मोजलं की जनावर केव्हा मेलं ते कळतं. या चर्मपत्राचा काळ इ.स. ५६८ ते ६४५ च्या दरम्यानचा निघाला, आणि तो बरोबर असण्याची शक्यता ९५.४ टक्के. हजरत मुहम्मद (सल्ल.) यांचा वफातीचा काळ ६३२. म्हणजे ज्या जनावराच्या कातडीवर हे लिहिलंय ते त्यांच्या जमान्यातलं किंवा त्यानंतर थोड्याच वर्षांतलं असू शकतं. पण लक्षात घ्या, ही तारीख कातडीची आहे, शाईची नाही. कमावलेलं चामडं काही वर्षं तसंच ठेवून नंतरही त्यावर लिहिलं जाऊ शकतं. म्हणून 'अमुक सहाबींच्या हातचं अक्षर' वगैरे कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याला आधार विचारायचा.

पानांवर आहे काय? सूरे कहफ, सूरे मरियम आणि सूरे ताहा यांचे भाग. दर जुम्याला घरोघरी पढली जाणारी तीच कहफ. विद्यापीठाने छायाचित्रं ऑनलाइन ठेवली आहेत. मोठी करून पाहिलीत तर अक्षरं उजवीकडे कललेली दिसतील, ही हिजाजी लिपी. जेर-जबर-पेश नाहीत, नुक्तेही मोजकेच. ज्यांना आयती पाठ आहेत त्यांना थोड्या सरावाने ओळी लागायला लागतात. याच प्रतीची आणखी १६ पानं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत असं अभ्यासक मानतात. एका किताबची पानं दोन देशांत!

पण आजच्या आवकीत आम्हाला सगळ्यात जास्त थांबवलं ते फातिमा शेख यांच्यावरच्या दोन मेसेजांनी. एकात त्यांची जन्मतारीख, शिक्षण, शाळा, सगळं तारीखवार दिलेलं. दुसऱ्यात लिहिलेलं की अशी बाई कधी झालीच नाही, ते काल्पनिक पात्र आहे. हा दुसरा वाद जानेवारी २०२५ मध्ये पेटला. एका नावाजलेल्या पत्रकाराने समाजमाध्यमावर लिहिलं की फातिमा शेख हे नाव आपणच रचून पसरवलं. दिवसभर गदारोळ झाला. आपल्या कित्येक मुली ज्यांच्यावर शाळेत भाषण करतात, त्या बाईच नाहीत म्हटल्यावर घराघरांत काय झालं असेल ते सांगायला नको.

उत्तर मराठीतच छापलेलं आहे. 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' हे मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं पुस्तक महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये काढलं. समाजमाध्यमं जन्माला यायच्या कितीतरी आधी. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आहेत. पहिलं १० ऑक्टोबर १८५६ चं. सावित्रीबाई आजारपणातून उठत होत्या आणि सातारा जिल्ह्यातल्या नायगावला माहेरी राहिल्या होत्या. पुण्यातलं काम मागे पडलेलं. त्या लिहितात की आपल्यामागे फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. एवढाच उल्लेख. पण किती बोलका! ज्याच्यावर काम टाकून निर्धास्त राहता येतं अशा माणसाबद्दलच आपण असं लिहितो.

आता पहिल्या मेसेजकडे या. ९ जानेवारी ही जन्मतारीख सगळीकडे फिरते, २०२२ साली त्या दिवशी गुगलने डूडलही काढलं. मात्र त्या तारखेला त्या काळचा कागद कुणी पुढे केलेला नाही. फुले दांपत्याला घर सोडावं लागलं तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला, हे परंपरेने सांगितलं जातं. पुढचं आयुष्य तर जवळपास अंधारातच आहे. आमचं म्हणणं असं की लेकीने भाषणात खुशाल बोलावं, फक्त सुरुवात पत्रापासून करावी. जन्मतारखेवर कुणी बोट ठेवलं तर ठेवू दे. १८५६ च्या पत्रावर बोट ठेवताना त्यालाच विचार करावा लागेल. आपणच कच्चा माल भरतो आणि मग समोरचा सगळं दुकानच खोटं ठरवतो, हे थांबायला हवं.

एक मजेची गोष्ट. हत्तीवर बसलेलं घड्याळ, 'जगातला पहिला रोबो' अशा मथळ्याने. घड्याळ खरं आहे. दियारबक्र इथल्या आर्तुकी दरबारातले कारागीर अल-जझरी यांनी १२०६ मध्ये आपल्या यंत्रांवर पुस्तक पुरं केलं, त्यात ते रंगीत चित्रासह आहे. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी, पाण्यावर भोक असलेली वाटी. अर्ध्या तासात वाटी भरून बुडते, दोरी ओढली जाते, वरून गोळी सुटते, सापाच्या तोंडात पडते, साप वाकतो, माहूत हात उचलून ठोका देतो. सापाच्या वजनाने वाटी परत वर येते आणि पुन्हा सुरू. दुबईतल्या एका मॉलमध्ये याची मोठी प्रतिकृती आहे, आखातात काम करणाऱ्या आपल्या कोकणी भावंडांनी पाहिलीही असेल. आता गंमत पाहा. भोकाची वाटी पाण्यात बुडवून वेळ मोजायची ही पद्धत आपल्याकडे घटिकापात्र म्हणून चालत होती. २४ मिनिटांत वाटी भरली की एक घटका. आपण अजून बोलताना 'घटका भरली' म्हणतो ते तिथूनच. रोबो म्हणा, नका म्हणू. हत्तीच्या पोटातली वाटी मात्र मराठी माणसाला ओळखीची आहे.

शेवटचा मेसेज टिंबक्टूचा. २०१२ मध्ये मालीतल्या या शहरावर हत्यारबंद गटांनी ताबा मिळवला. तेव्हा अब्देल कादर हैदरा आणि त्यांच्या साथीदारांनी घराण्यांच्या खासगी ग्रंथालयांतली हस्तलिखितं पत्र्याच्या ट्रंकांत भरून, गाड्यांतून आणि नावांतून, राजधानी बामाकोला हलवली. कुरआन, फिकह, तारे, औषधं, खरेदीखतंसुद्धा. त्यातली ४० हजारांहून जास्त पानं २०२२ पासून गुगलवर कुणालाही पाहता येतात.

अशी पत्र्याची ट्रंक आपल्याही बऱ्याच घरांत माळ्यावर असते. इनामाची सनद, काझीच्या दफ्तरातला निकाहनामा, दर्ग्याच्या जमिनीचा मोडीतला कागद, आजोबांचं फारसी पत्र. ती उघडलीत तर तीन गोष्टी पाळा. कागद लॅमिनेट करू नका, उष्णतेने आणि गोंदाने तो कायमचा खराब होतो. फाटलं असेल तर सेलोटेप लावू नका. उन्हाच्या थेट झोतात न ठेवता उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कोपरे आणि शिक्के येतील असे. मोडी वाचणारा हवा असेल तर राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, तिथे शिकलेली माणसं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. घरातली कॉलेजला जाणारी पोरगी चार-सहा महिन्यांत मोडी वाचायला लागू शकते. नाहीतर दादीला आधी विचारा, त्या ट्रंकेची किल्ली कुठे आहे ते.