धुरकट खिडक्या पुन्हा आरपार!

जुन्या शिडाच्या बोटीच्या उघडत्या खिडक्या पांढुरक्या पडल्यात? लगेच नव्या घेऊ नका. त्यांत बहुधा काच नसून ॲक्रिलिक असतं. वर्षानुवर्षांच्या उन्हाने त्याचा वरचा थर खराब होतो.

आधी नीट बघा. वरवरचा धुरकटपणा घासून जातो. आत खोल, जाळीदार तडे असतील तर ॲक्रिलिकच बदलावं लागतं.

✅ मीठ गोड्या पाण्याने धुवा.
✅ चौकटीवर, रबरावर मास्किंग टेप लावा.
✅ ६००, १०००, १५००, २००० नंबरचा वॉटर पेपर क्रमाने, भरपूर पाण्यात. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला.
✅ शेवटी प्लॅस्टिक पॉलिश, मऊ सुती फडक्याने.

❌ ॲसिटोन, थिनर, स्पिरिट, अमोनियाचा ग्लास क्लीनर अजिबात नको. ॲक्रिलिकला तडे जातात.

पहिल्या पेपरनंतर खिडकी आणखीच धुरकट दिसेल. घाबरू नका, पुढचा नंबर घ्या!